थंडीत ठेवलेलं औषध

झूरा शाळेत झाडूवाली म्हणून का लागली, हे डोंगरातल्या ताश-केचू गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिची बुरुल तिसरीत होती आणि बुरुलला रोज दुपारी जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचावी लागे. साखरेचा आजार. सहा वर्षांच्या पोरीला हा आजार झालाच कसा, हे गावाला कळेना. म्हाताऱ्याकोताऱ्यांना होतो तो, असं म्हणत गावाने दोन वर्षं माना हलवल्या आणि मग कंटाळून विषय सोडून दिला.

शाळेत नर्स नव्हती. गावच्या दवाखान्यातली बाई महिन्यातून एकदा येई, पोरांच्या डोक्यातल्या उवा बघे, वहीत सही ठोके आणि स्वयंपाकघरात चहा पिऊन चालती होई. झूराने पहिल्याच वर्षी तिला विचारून बघितलं होतं.

"दुपारची तेवढी एक सुई तू येऊन देशील का गं?"

"मला वरून तसा कागद नाही," बाई म्हणाली. "उद्या पोरीला काही झालं तर कुणाच्या गळ्यात येणार? माझ्याच ना?"

मुख्याध्यापक ओरोझाली आगाय, म्हणजे गुरुजी, तसे वाईट मनाचे नव्हते. त्यांना फक्त कटकट नको असे. "झूरा, ही शाळा आहे की इस्पितळ?" ते म्हणाले होते. "दोघी आया येऊन गेल्या माझ्याकडे. पोरं सुई बघून बिचकतात म्हणे. एकीने तर विचारलं, हे एकाचं दुसऱ्याला लागतं का."

"लागत नाही हो, आगाय."

"मला माहितेय गं. पण लोकांच्या तोंडाला कुठे हात लावायचा? तू असं कर, जिन्याखाली टोच. दार लावून घेत जा."

जिन्याखाली म्हणजे झाडू, बादल्या आणि राखेची घमेली ठेवायची खोली. तिथे मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नसे. मायलेकी रोज वाकून आत शिरत, बुरुल उलट्या बादलीवर बसे आणि सदरा वर करी. पोटावर बारीक बारीक निळे डाग पडलेले होते. सुई जाताना ती डोळे मिटून पाचपर्यंत आकडे म्हणे. रडत नसे. रडणं तिने पहिल्या सहा महिन्यांतच संपवून टाकलं होतं.

बाकी दिवसभर झूरा राबे. सकाळी सहाला बॉयलरखालची राख उपसायची, कोळसा आत आणून टाकायचा, पोरांच्या बुटांबरोबर आलेला बर्फ वितळून झालेला चिखल दर तासाला पुसायचा. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत काजळी बसली होती. नवरा गावच्या घोड्यांचा कळप घेऊन वर हिवाळी कुरणावर गेलेला. मार्चपर्यंत त्याचं तोंड दिसायचं नव्हतं, आणि तिथे फोनही लागत नसे. घरातल्या फ्रिजने मागेच मान टाकली होती. म्हणून तीन महिन्यांचं औषध शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये राही. एक बाटली संपली की झूरा तिथून दुसरी काढी आणि घरी-दारी सोबत बाळगी.

या औषधाबद्दल तिने एक गोष्ट काळजावर कोरून ठेवली होती. पहिल्यांदा आजार सापडला तो ऑगस्टचा महिना होता, तालुक्याच्या इस्पितळात पत्रे तापून खोल्यांच्या भट्ट्या झाल्या होत्या. चष्मेवाल्या डॉक्टरांनी बाटली हातात देऊन बजावलं होतं, "थंडीत ठेवायचं. उष्णता लागली की मेलं हे. पाण्यागत होतं, मग टोचा नाहीतर नका टोचू." झूराने मान डोलावली होती. तेव्हापासून ती बाटलीला उन्हाच्या तिरिपेलाही लागू देत नसे.

त्या वर्षी धरणातच पाणी नव्हतं, त्यामुळे डिसेंबरात वीज पाळीने येऊ लागली. चार तास आहे, सहा तास नाही. आणि थंडी तर अशी की गुरुवारी सकाळी काटा उणे अठ्ठावीसवर होता. दावणीची गाय रात्रीत पाठीवरून पांढरी झाली होती.

शुक्रवारी स्वयंपाकीण सायराकान फ्रिज उघडा टाकून पुसत बसली होती. शाळेत झूराशी मनापासून बोलणारी ही एकच बाई. पन्नाशीची, जाडजूड, तोंडाने फटकळ. झूरा तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे. दुपारी सगळी पोरं गोड बन खात तेव्हा बुरुलसाठी वेगळी उकडलेली अंडी ठेवी आणि वर म्हणे, "तुझी राणी आली बघ जेवायला."

"हा फ्रिज काय कामाचा आता?" सायराकान म्हणाली. "वीज येते तेव्हा गारठतो, जाते तेव्हा पाणी सोडतो. मी बंदच करून टाकते. घरचा तर कधीच बंद केलाय. बाहेर देवाचा फ्रिज चालू असताना याला कोण वीज पाजणार?"

"आणि माझ्या बाटल्या?" झूराने विचारलं. "त्या खराब होतील, एजे. त्यांना गारच लागतं."

"मग सगुमच्या खोलीत ठेव की."

सगुम म्हणजे हिवाळ्यासाठी कापलेल्या घोड्याचं मांस. शाळेच्या मागच्या दाराशी एक बिनशेगडीची खोली होती, तिथे सायराकान शाळेचं मांस टांगी. ओरोझाली आगायांच्या घरी जागा कमी, म्हणून त्यांचाही अर्धा घोडा तिथेच लटकत असे. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली आगायांच्या खिशात. झूराला विचारायचा धीर होईना. सायराकाननेच तिला हाताला धरून ऑफिसात नेलं.

"आगाय, हिच्या पोरीचं औषध सगुमच्या खोलीत ठेवायचंय. गरिबाच्या पोरीला एवढी जागा द्या. तुमचा घोडा काही ते टोचून घ्यायचा नाही."

आगाय हसले. किल्ली काढून स्वतः उठले. दाराशी उभं राहून त्यांनी एक फळी स्वतःच्या हाताने झटकली, वर स्वच्छ कागद अंथरला. "इथे ठेव. मांजर पोचणार नाही. आणि काय लागलं तर सांगत जा गं, परकी असल्यासारखी करतेस." झूराने चार बाटल्यांची पेटी फळीवर ठेवली. दोन वर्षांत शाळेने तिच्या पोरीसाठी आपण होऊन केलेली ही पहिलीच गोष्ट. तिचे डोळे भरून आले. तिने आगायांचा हात दोन्ही हातांत घेतला, तेव्हा तिच्या भेगांची त्यांनाच लाज वाटल्यासारखी त्यांनी नजर वळवली.

सोमवारी जुनी बाटली संपली. झूराने किल्ली मागून नवी काढली. बाटली दगड झाली होती, आतलं दुधाळ औषध बर्फाच्या गोटीसारखं खडखडत होतं. तिला बरंच वाटलं. चांगलं गार राहिलंय म्हणायचं. इथे हिवाळ्यात दूध परातीत गोठवून त्याच्या चकत्या बाजारात विकतात, मांस गोठतं, साय गोठते, वसंतापर्यंत कशाला वास म्हणून येत नाही. गोठलं ते टिकलं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं शहाणपण होतं. तिने बाटली चोळीत घातली आणि राख उपसायला गेली. दोन तासांनी बाटली वितळली. तळाशी थोडे कण राहिले होते. तिने ती जोरजोरात हलवली आणि सुई भरली.

संध्याकाळी बुरुल पाणी मागू लागली. एक लोटा, दुसरा लोटा. रात्री तीनदा उठली. मंगळवारी तिसऱ्या तासाला वर्गशिक्षिका गुलबारा झूराला शोधत वर्गांमधल्या बोळात आली. झूरा गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. गुलबारा तिच्या बादलीपाशी, ओली होणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिली.

"तुझ्या मुलीने वर्गात लघवी केलीय," ती म्हणाली. "चार वेळा सोडलं मी तिला, पाचव्यांदा नाही सोडलं. परीक्षा चालू आहे माझी. जा, पुसून घे."

झूरा बादली घेऊन वर्गात गेली. बावीस पोरं बघत होती. बुरुल फळ्याजवळ उभी होती, मोजे ओले, मान खाली. झूराने आधी फरशी पुसली, मग पोरीचे पाय पुसले, त्याच फडक्याने.

"आणि हे बघ," गुलबाराने बुरुलचं दप्तर उघडून धरलं. आत चॉकलेटांचे रंगीत कागद होते. दहा-बारा तरी असतील, नीट सपाट केलेले. "मी दप्तर बघितलं नसतं तर तुला कळलंही नसतं. तुम्ही आम्हाला दोष द्यायचा, शाळा लक्ष देत नाही. घरचंच माणूस चोरून खातंय."

झूराने पोरीला जिन्याखाली नेलं. साखर मोजायच्या पट्ट्या सातच उरल्या होत्या, तरी तिने एक काढली. बोटाला टोचलं. यंत्राने सव्वीस दाखवले; तिकडच्या मापात चांगल्या दिवशी सात-आठ येई. एवढा मोठा आकडा दोन वर्षांत कधी आला नव्हता.

"खाल्लीस?"

"नाही, आपा." आईला ती आपा म्हणे.

"मग हे कागद कुठले?"

"मैत्रिणींनी दिलेत. त्या खातात आणि कागद मला देतात." बुरुल खाली बघत होती. "मी वास घेते फक्त."

झूराला हे ऐकूही गेलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो सव्वीसचा आकडा नाचत होता. तिने दंड धरून पोरीला फरफटत स्वयंपाकघरात आणलं, सायराकानला विचारायला की हिला कुणी काय दिलं. जेवणाची सुट्टी झाली होती. लांब बाकांवर पोरं बसलेली, मधोमध पावाच्या चकत्यांची परात.

"मी नाही देत गं काही," सायराकान म्हणाली. "अंडी देते. तू सांगितलंस तेवढंच."

"खोटारडी!" झूरा पोरीवर ओरडली. "तुझ्यापायी मी राख उपसते इथे! तुझ्यापायी लोकांची घाण पुसते! आणि तू जिभेपायी मरायला निघालीस?"

बुरुलने आजूबाजूला बघितलं. मग ती परातीपाशी गेली, पावाचा तुकडा उचलला आणि डोक्यावर धरला. "नान मारो मला," ती म्हणाली. "मी खाल्लं असेल तर नान मारो."

बाकांवरच्या पोरांनी हातातले पाव खाली ठेवले. मोठी माणसंसुद्धा नानची, म्हणजे पावाची, शपथ सहजी घेत नाहीत. पावाची शपथ खोटी निघाली तर घरावर उपास येतो म्हणतात. बायका लहान पोरांना त्यासाठी आधीच दटावून ठेवतात. सव्वीसचा आकडा झूराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तिने हात उगारला आणि पोरीच्या गालावर असा ओढला की तुकडा उडून बाकाखाली गेला.

"वर आणि पावाची खोटी शपथ घेतेस!"

बुरुल पडली नाही. गालाला हातही लावला नाही तिने. आधी बाकाखाली वाकून तुकडा उचलला, फुंकर घातली, कपाळाला लावला आणि परातीत परत ठेवला. सायराकान तोंडावर पदरासारखा रुमाल धरून उभी होती. "झूरा," ती हळूच म्हणाली, "एवढं मारायचं नसतं गं."

त्या दुपारपासून झूराने सुईचा डोस वाढवला. संध्याकाळी आणखी वाढवला. दर वेळी बाटली हलवायची, भरायची, टोचायची. घरातली साखरेची बरणी तिने शेजारी नेऊन ठेवली. पोरीचे खिसे उलटे केले, उशी उसवली. काही सापडेना. सापडत नाही म्हणजे पोरगी किती पक्की झालीय, असं तिला वाटलं आणि ती आणखी चिडली. बुरुल पाणी पीत होती आणि भिंतीला टेकून बसत होती. तिने पुन्हा एकदाही सांगितलं नाही की मी खाल्लं नाही.

बुधवारी तिला शाळेत नेलं तेव्हा ती दोनदा वाटेत बसली. दहाच्या सुमाराला जिन्याखाली उलटी झाली. झूराने तिला मांडीवर घेतलं, तर पोरीच्या तोंडाला सडक्या सफरचंदाचा वास. श्वास मोठा, खोल, डोंगर चढून आल्यासारखा, आणि पोरगी तर पडून होती. झूराने पट्टी लावली. यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसती दोन अक्षरं आली. एवढं मोजायची त्याची ऐपत नव्हती.

तिने पोरीला उचललं आणि बोळातून ओरडत सुटली. वर्गांची दारं उघडली. ओरोझाली आगाय ऑफिसातून बाहेर आले, बुरुलचं तोंड बघितलं आणि जीप काढायला धावले. गुलबारा कोट चढवून मागे बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

तालुक्याचा रस्ता बावन्न किलोमीटर. खिंडीत बर्फ साचलेला, आगाय दोनदा फावडं घेऊन उतरले. मागे बुरुल आईच्या मांडीवर, पाय गुलबाराच्या मांडीवर. गुलबारा ते पाय चोळत होती.

"मी पाचव्यांदा सोडायला हवं होतं तिला," ती मध्येच म्हणाली.

झूराने पोरीच्या तोंडाशी कान नेला. तिचं सगळं लक्ष श्वासांवर होतं. एक श्वास गेला की दुसरा येईपर्यंत ती मनात आकडे मोजे.

इस्पितळात पोरीला आत नेलं, नळ्या लावल्या, नवं इन्सुलिन सुरू केलं. तासाभराने चष्मेवाले डॉक्टर बाहेर आले. तेच, ऑगस्टातले. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते.

"वाचेल असं दिसतंय," ते म्हणाले. "आजची रात्र बघू. पण मला सांग, सुया का बंद केल्यास?"

"बंद?" झूराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "एक नाही चुकवली, डॉक्टर. उलट जास्त दिल्या. तीच चोरून गोड खाते."

"किती खाल्लं तरी असं होत नाही. तीन दिवस औषधाचा थेंब अंगात गेला नाही तर असं होतं. बाटली आहे का?"

तिने चोळीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरली, हळूच कलती केली. आत पांढरे कण तरंगत होते, काचेला बुरशीसारखे चिकटले होते. त्यांनी चष्मा काढला, परत लावला.

"ही कुठे ठेवली होती?"

"थंडीत," झूरा म्हणाली. एवढं उत्तर तरी आपलं बरोबर आहे याचा तिला धीर आला. "खूप जपलंय, डॉक्टर. फ्रिज बंद पडला तर आगायांनी सगुमच्या खोलीत जागा दिली. अगदी दगड होऊन राहतात. ऊन म्हणून लागू दिलं नाही."

आगाय मागे उभे होते. त्यांनीही मान डोलावली. "फळी मी स्वतः पुसून दिली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी बाटली खाली घेतली. "गोठलं की मरतं हे," ते म्हणाले. "उन्हाने मरतं तसंच. तू तीन दिवस पोरीला पाणी टोचलंस, बाई."

झूराने बाटली परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी ती दिली नाही.

"स्वयंपाकघरात नुसतं ओट्यावर ठेवलं असतं तरी चाललं असतं. या दिवसांत घरात कुठेही चाललं असतं. फक्त तिथे नाही."

"तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली.  "थंडीत ठेव म्हणालात. मी विसरले नाही. एक दिवस विसरले नाही."

डॉक्टरांनी बाटली मुठीत घेतली. गोठवू नको, हे आपण त्या उन्हाळ्यात बोललो होतो का, ते त्यांना आठवेना, आणि बोललो नसणार हे त्यांना कळलंही असावं. ते बाटली खिशात घालून आत निघून गेले. आगाय भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि टोपी हातात घेऊन तिचा गोंडा पिळू लागले.

तेवढ्यात झूराचा फोन वाजला. सायराकान होती. "कशी आहे गं राणी? मी सगुमच्या खोलीत जाऊन आले. उरलेल्या बाटल्यांची काळजी करू नकोस. वीज आली तरी मी तिथून हलवणार नाही. अगदी दगडासारख्या आहेत." झूराने हो म्हटलं आणि फोन ठेवला. 

गुरुवारी दुपारी बुरुलने डोळे उघडले. ओठ फुटले होते, गाल आत गेले होते. उजव्या गालावर कानापाशी अजून पिवळसर वळ दिसत होता. पायथ्याशी गुलबारा बसली होती. झूराने केस मागे सारायला हात पुढे केला, तशी पोरीने डोळे गच्च मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढली. झूराचा हात तसाच हवेत राहिला.

"आपा," बुरुल म्हणाली. आवाज चिरका होता. "मी खाल्ली होती."

"काय?"

"चॉकलेटं. तीन. रोज." ती धापा टाकत, पण पाठ केल्यासारखं बोलत होती. "गुलबारा एजेंना विचार. त्यांनी कागद बघितलेत."

गुलबाराने तोंड फिरवलं आणि उठून खिडकीपाशी गेली.

"नाही गं," झूरा म्हणाली. "नाही खाल्लीस तू. मला कळलंय."

"खाल्ली ना. आता नाही खाणार. म्हणजे सुई लागू पडेल."

झूरा खाटेपाशी खाली बसली, जिन्याखाली बसे तशी गुडघ्यांवर. खोलीत आणखी तिघी बायका आपापल्या पोरांपाशी होत्या, त्या ऐकत होत्या. तिने कुणाची पर्वा केली नाही. "बुरुल, ऐक. औषध मेलं होतं. मी गोठवलं ते. माझ्या हातांनी. तू काही केलं नव्हतंस आणि मी तुला मारलं. खरं बोलत होतीस तू."

बुरुलने डोळे उघडून आईकडे नीट बघितलं. आई कधी एवढं मऊ बोलत नसे. मोठी माणसं मऊ बोलून खरं काढून घेतात आणि मग मारतात, हे तिला वर्गात कळलेलं होतं.

"नाही, आपा," ती म्हणाली. "मीच खाल्ली होती." आणि गालावर हात ठेवून ती भिंतीकडे वळली.